गढूळ पाण्यातली श्रीमंती

इंदूरहून समुद्रतळ पाहायला निघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंदमानचं निळं पाणी असतं. कोकणातली मालवण-तारकर्ली मागे पडतात. वास्तविक तिथल्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि १९८७ मध्येच हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आक्षेप असतो तो गढूळपणाचा: इथल्या पाण्यात लांबचं दिसत नाही. ते खरंच आहे. पण कारणही पाहावं. पावसाळी नद्या गाळासोबत पोषकद्रव्यं आणतात, त्यांवर सूक्ष्म प्लवक वाढतात आणि त्यांच्या आधाराने माशांपर्यंतची अन्नसाखळी उभी राहते. उष्ण कटिबंधातलं काचेसारखं पाणी बहुधा प्लवक विरळ असल्यामुळेच नितळ असतं. म्हणून इथे लांब नव्हे, जवळून पाहायला शिकावं. पावसाळा टाळून, गाळ खाली बसल्यावर जावं.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे: माणसं वाढली तर प्रवाळ टिकतील का? नांगर आणि पायांचा धक्का त्यांना मोडतो, आणि ते फार सावकाश वाढतात. म्हणूनच शिस्त हवी, दुर्लक्ष नको. इंदूरचाच सिरपूर तलाव पाहा: २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. जवळच्या पाण्याचं मोल ओळखलं, तरच ते जपलं जातं.