इंटरनेटचा वेग : किती घ्यावा, किती दाम मोजावे?

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे एक सर राहतात. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते जरा त्रासूनच आमच्याकडे आले. त्यांची मुलगी परगावी नोकरीला असते. रोज रात्री तिच्याशी व्हिडिओवर बोलणे होते, आणि रोज मध्येच चित्र गोठते. इंटरनेट पुरवणाऱ्याकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "सर, २०० चा प्लॅन तुम्हाला कमी पडतोय. ३०० चा घ्या." घ्यावा की नाही, एवढेच सरांना विचारायचे होते.

हे २०० म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट. येथेच पहिला घोटाळा होतो. फाइलचा आकार आपण बाइटमध्ये सांगतो आणि वेग मात्र बिटमध्ये विकला जातो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २०० च्या जोडणीवरून सेकंदाला फार तर २५ मेगाबाइट उतरतात. संगणकावर २५ चा आकडा पाहून आपण फसवले गेलो असे अनेकांना वाटते. तेवढ्यापुरता तरी पुरवठादार निर्दोष आहे.

दुसरी गोष्ट गणिताच्या शिक्षकाला चटकन पटावी अशी आहे. वेग हा दर आहे, राशी नव्हे. नळाला मिनिटाला किती लिटर पाणी येते हा दर झाला. महिन्यात किती पाणी वापरले ही राशी. एक बादली भरायला मोठा नळ घेतला तर ती लवकर भरेल, पण व्हिडिओचे तसे नसते. चित्र जेवढ्या गतीने दाखवायचे तेवढ्याच गतीने माहिती लागते. जास्त वेग घेतल्याने चित्रपट लवकर संपत नाही. नेटफ्लिक्स ही कंपनी चांगल्या स्पष्ट चित्रासाठी ५ मेगाबिट, तर ज्याला 'फोर के' म्हणतात त्या अतिस्पष्ट चित्रासाठी १५ मेगाबिट पुरेसे मानते. व्हिडिओवरील संभाषणाला दोन्ही दिशांनी १ ते ४ मेगाबिट लागतात. गाणी आणि वर्तमानपत्रे यांना याहूनही कमी.

सरांच्या घरची बेरीज आम्ही त्यांच्याच वहीत मांडली. दिवाणखान्यात एक चित्रपट ५, मुलाच्या फोनवर दुसरा ५, मुलीशी बोलणे ४, बाकी किरकोळ ३. सगळे एकाच वेळी चालू धरले तरी १७ मेगाबिट. उद्या फोर केचा टीव्ही आला तर २७. आडाखे चुकतात म्हणून दुप्पट धरा, तरीही ५४. मग २०० कमी कसे पडतील?

मोठा वेग कधीच कामाचा नसतो असे मात्र नाही. बादली भरण्याची कामे असतात तेथे तो लागतो. १०० गिगाबाइटचा एखादा संगणकीय खेळ उतरवायला ५० च्या जोडणीवर सुमारे साडेचार तास लागतात, ३०० वर पाऊण तास. घरून मोठ्या चित्रफिती पाठवणाऱ्याने वर जाणारा वेगही पाहावा. जाहिरातीत बहुधा खाली येणारा तेवढा छापलेला असतो.

आता पुरवठादाराच्या बाजूनेही पाहू या. तुमच्या घरापर्यंत आलेला काचेचा तंतू फक्त तुमचा नसतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'जी-पॉन' नावाची पद्धत वापरतात. तीत एका तंतूतून खाली येणारा एकूण वेग सुमारे २४८८ मेगाबिट असतो आणि तो वाटेत फाटे फोडून, समजा, ३२ घरांना वाटला जातो. बत्तिसांनीही २०० चा प्लॅन घेतला असेल तर विकलेला वेग झाला ६४०० मेगाबिट! सगळ्यांनी एकाच क्षणी पुरता वेग मागितला तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७८ येतील.

ही लबाडी आहे का? सरांनी लगेच हो म्हटले. आम्हाला तसे वाटत नाही. टेलिफोन केंद्रे पहिल्यापासून याच हिशेबावर चालत आली आहेत. हजार ग्राहकांसाठी हजार मार्ग ठेवावे लागत नाहीत, कारण सगळे एकदम बोलत नाहीत. मग किती ठेवले म्हणजे पुरेत? डेन्मार्कच्या अग्नर एर्लांग याने या प्रश्नाला संभाव्यतेचे गणित लावले आणि १९०९ मध्ये त्यावरचा आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. टेलिफोनच्या वाहतुकीचे एकक आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. या वाटणीमुळेच घरगुती इंटरनेट आपल्याला परवडते. स्वतंत्र, न वाटलेली जोडणी कचेऱ्यांना मिळते, तिची किंमत विचारून पाहावी! लबाडी तेव्हा होते, जेव्हा वाटेकरी वाढत जातात आणि मागचा मार्ग रुंदावला जात नाही. ते ओळखता येते : पहाटे मिळणारा वेग रात्री नऊ-दहाच्या सुमारास रोज कोसळत असेल तर दोष बाहेर आहे, आणि दिवसभर सारखाच कमी असेल तर बहुधा घरात.

म्हणून मोजायचे ठरवले. आम्ही लॅपटॉप घेऊन खाली गेलो. तंतू ज्या पेटीत येतो ती कोपऱ्यात, आणि तिच्याशी तारेने जोडलेला राउटर टीव्हीच्या कपाटात, देवघराच्या भिंतीला टेकून. राउटरला तारेने जोडून मोजले : ९४. पुन्हा मोजले : ९४. दुसऱ्या दिवशी पहाटेही ९४. आम्ही सरांना आत्मविश्वासाने सांगितले की पुरवठादार निम्माच वेग देतो आहे.

आम्ही चुकलो होतो. ९४ हा आकडा इतका स्थिर कसा, हे आम्हाला तेव्हाच खटकायला हवे होते. सरांनी बाजारातून आणलेल्या स्वस्त राउटरची तार जोडण्याची खोबणच १०० मेगाबिटची होती; पाकिटांवरचे पत्ते वगैरे ओझे वजा जाता तीतून ९४-९५ च उरतात. पुरवठादाराच्या पेटीलाच थेट लॅपटॉप लावला तेव्हा १९० च्या वर आकडा आला. (जुन्या तारेत आठांपैकी चारच धागे जोडलेले असले तरी असेच होते.) म्हणजे दोन वर्षे सर २०० चे पैसे भरत होते आणि घरात १०० सुद्धा शिरत नव्हते. ३०० घेतले असते तरी ९४ च मिळाले असते.

आणि मुलीशी बोलणे जेथून होई त्या आतल्या खोलीत? तेथे वायफायवर मिळाले फक्त ६. वायफाय दोन लहरींवर चालते. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. सरांच्या राउटरपुढे दोन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी गोदरेजचे कपाट होते. धातूतून या लहरी जातच नाहीत. लांब तार घेऊन राउटर मधल्या बोळात, उंच फळीवर नेला. आतल्या खोलीत ३५ आले. त्या रात्री चित्र गोठले नाही.

एक विलंब मात्र कोणत्याही प्लॅनने जात नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मार्ग २० हजार किलोमीटरचा असेल तर जाऊन येऊन एकपंचमांश सेकंद जाणारच, जोडणी ५० ची असो वा १००० ची.

राहिला किमतीचा प्रश्न. सोयीचे आकडे घेऊ : ५० चा प्लॅन ५०० रुपये, १०० चा ७००, ३०० चा १०००. मेगाबिटमागे पाहिले तर १० रुपये, ७ रुपये आणि ३ रुपये ३३ पैसे. विक्रेता हाच हिशेब मांडतो, आणि मोठ्या डब्याचे तेल स्वस्त पडते या सवयीने आपण भुलतो. पण तेल उरले तर पुढच्या महिन्यात वापरता येते. न वापरलेला वेग त्याच क्षणी वाया जातो. दर भागिले मेगाबिट हे गुणोत्तर घरगुती ग्राहकाला निरुपयोगी आहे. आपली गरज भागवणारा सर्वांत स्वस्त प्लॅन कोणता, एवढेच पाहावे. १८ टक्के वस्तू व सेवा कर जोडून ५०० चे ५९० होतात आणि १००० चे ११८०. वर्षाला फरक ७०८० रुपये.

'अमर्याद' या शब्दालाही बहुधा मर्यादा असते. अनेक योजनांत ती महिन्याला ३३०० गिगाबाइट आहे; त्यानंतर वेग खाली आणतात. रोज सहा तास स्पष्ट चित्र पाहणाऱ्या घराला महिन्याला सुमारे ४०५ गिगाबाइट लागतात, तेव्हा तिची धास्ती नको. मर्यादा याहून लहान असेल तर मात्र हिशेब करावा. विचारायचे ते वेगळेच : राउटर कोणाचा, अनामत परत मिळते का, पहिल्या वर्षानंतर दर किती, चित्रपटांची सोबतची वर्गणी काढून टाकली तर किती. इमारतीत दुसरा पुरवठादार असेल तर त्याचा दर आपल्याला बोलून दाखवावा. नव्या ग्राहकाला देऊ केलेला दर जुन्याला आपणहून कोणी देत नाही. मागितल्यावर पुष्कळदा मिळतो. तक्रार केली की तिचा क्रमांक लिहून ठेवावा. त्यावर समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि ती सोय ठेवणे नियमाने बंधनकारक आहे.

सरांनी १०० च्या प्लॅनवर उतरायचे ठरवले. अडचण एवढीच निघाली की सवलत मिळते म्हणून त्यांनी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते आणि मुदतीच्या आत खालचा प्लॅन मिळत नव्हता. मग उरलेल्या तीन महिन्यांत त्यांनी नववीच्या मुलांना आपापल्या घरचा वेग सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला मोजून आलेख काढायला लावले. त्यांतल्या चार घरांचा आलेख ९४ वर सपाट आहे.