प्रोब कोणाच्या हाती?

बारावीचा निकाल लागला की जिल्ह्याच्या ठिकाणी पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिरातींचा पूर येतो. यवतमाळही त्याला अपवाद नाही. लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, आणि या यादीत मधूनच 'सोनोग्राफी'ही डोकावते. कापूस-सोयाबीनच्या भरवशावर घर चालवणाऱ्या बापाला वाटतं, पोरगी शिकली, मशीन चालवायला लागली, पुसदला नाहीतर वणीला नोकरी मिळाली की झालं. मोबाइलवर शोधलं तर अमेरिकेतल्या 'सोनोग्राफर'चे पगार दिसतात. मग घरात ठरतं, हेच करायचं.

फी भरण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे डॉक्टर नसलेली व्यक्ती रीतसर शिक्षण घेऊन सोनोग्राफी करते. आपल्याकडे प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, हातात धरून तपासणी करण्याचा आणि निदान लिहून देण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टरचा आहे. कुठल्याही खासगी संस्थेचं प्रमाणपत्र हे बदलू शकत नाही. असं का, आणि मग या क्षेत्रात यायचं असेल तर वाटा कोणत्या, हे समजून घेण्यासारखं आहे.

हात, डोळे आणि थोडं भौतिकशास्त्र

पीझोइलेक्ट्रिक परिणाम, म्हणजे काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते हा गुण, क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. उलट बाजूने वीज दिली तर असा स्फटिक थरथरतो आणि ध्वनिलहरी सोडतो. प्रोबचं सगळं काम यावर चालतं. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला वापरतात ते यंत्र माणसाच्या पोटावर वापरून पाहिलं. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि पोटाच्या सोनोग्राफीचं युग सुरू झालं.

शरीराच्या मऊ भागांत आवाज सेकंदाला सरासरी १५४० मीटर धावतो, असं यंत्र गृहीत धरतं. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला लहरीला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात. त्या वेळेवरून खोली आणि परत आलेल्या आवाजाच्या जोरावरून चित्रातला काळा-पांढरा रंग ठरतो. हवेतून ही लहर पुढे जात नाही, म्हणून आधी पोटावर जेल लावायची. पोटासाठी दोन ते पाच मेगाहर्ट्‌झचा वाकडा प्रोब, थायरॉइड किंवा स्तनासाठी त्याहून जास्त वारंवारितेचा सरळ प्रोब. वारंवारिता वाढली की चित्र बारीक दिसतं, पण लहर खोल पोचत नाही. शिकणाऱ्याला हा व्यवहार पहिल्या आठवड्यातच कळतो. हात बसायला मात्र कित्येक महिने लागतात.

पित्ताशयाचंच बघा. रुग्ण सकाळपासून उपाशी हवा. जेवण झालं असेल तर पित्ताशय आकसलेलं असतं आणि आत काय आहे ते नीट दिसत नाही. प्रोब उजव्या बरगडीच्या खाली टेकवायचा. "मावशी, मोठा श्वास घ्या… धरून ठेवा… सोडा आता." श्वास धरला की यकृत खाली सरकतं आणि त्याच्या आडून पित्ताशय समोर येतं. काळ्या पिशवीत एक पांढरा ठिपका, आणि ठिपक्याच्या मागे सरळ काळी पट्टी. आवाज खड्यावर आपटून मागे वळला, पुढे गेलाच नाही, त्याची ही सावली. इथे घाईने 'खडा' लिहून मोकळं व्हायचं नाही. मावशींना डाव्या कुशीवर वळवायचं आणि ठिपका पुन्हा शोधायचा. तो घरंगळून दुसरीकडे गेला तर खडा. जागचा हलला नाही, मागे सावलीही नाही, तर भिंतीला चिकटलेला पॉलिप असू शकतो. कलर डॉपलरचंही तसंच. लाल म्हणजे रोहिणी आणि निळं म्हणजे नीला असं नवख्याला वाटतं. खरं तर रक्त प्रोबकडे येतंय की दूर जातंय, एवढंच ते रंग सांगतात.

एक्स-रे एकाने काढला तरी दुसरा तो बघून निदान करू शकतो. सोनोग्राफीत तपासणाऱ्याने जे शोधलंच नाही, ते गोठवून ठेवलेल्या चित्रात नंतर कोणालाच सापडत नाही. म्हणून हे कौशल्य फार माणसावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच ते कोणाच्या हाती द्यायचं हा वाद जगभर चालतो. आपल्याकडे त्या वादाला एक वेगळं, जास्त कडवट कारण जोडलं गेलं.

कायदा महाराष्ट्रातून सुरू झाला

१९८०च्या दशकात मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर कायदा केला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. तो कागदावरच राहतोय म्हणून मुंबईची 'सेहत' व पुण्याची 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन आजचा पीसीपीएनडीटी कायदा आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना तिथे सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. याच विषयावर त्यांनी पुढे कथाही लिहिल्या.

या कायद्याने सोनोग्राफीची खोली पार बदलून टाकली. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी पाच वर्षांपुरती, आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं हवं. गर्भलिंग सांगितलं जात नाही, हा फलक स्थानिक भाषेतही हवा. गर्भलिंग कळू शकेल असं प्रत्येक यंत्र नोंदवायचं, मग त्यावर दिवसभर मुतखडेच का बघितले जाईनात. आणि प्रत्येक गरोदर बाईमागे एक 'एफ फॉर्म': नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, शेवटची पाळी कधी, कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं. तपासणीची मान्य कारणं फॉर्मवरच छापलेली आहेत, २३. खाली बाईची सही किंवा अंगठा, की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. डॉक्टरची सही, की मी ते कोणालाही, कुठल्याही प्रकारे सांगितलेलं नाही. दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत जायला हवा, कागद दोन वर्षं जपायला हवेत.

रकाना रिकामा राहिला तरी तो कायद्याचा भंग धरला जातो. तसा नव्हता हे डॉक्टरनेच सिद्ध करायचं. ही कारकुनी चूक आहे, गुन्हा नव्हे, असं म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. त्यामुळे इथल्या शिकाऊ डॉक्टरला प्रोबइतकाच पेनही जपून चालवावा लागतो.

तीन वाटा

पहिली वाट डॉक्टरकीची. आधी 'नीट' परीक्षा, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांचं नाव असलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळात १९८९ पासून आहे. शेजारी सेवाग्राम, सावंगी मेघे आणि नागपूर आहेतच. पुढे रेडिओलॉजीत तीन वर्षांचं एमडी. एमडी न करता, फक्त एमबीबीएसवर सोनोग्राफी करायची तर २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं, ३०० तासांचं पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं प्रशिक्षण आणि क्षमता चाचणी. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हे नियम न्यायालयात नेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांतल्या तरतुदी रद्द केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली.

दुसरी वाट रेडिओग्राफीची. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, आणि मग पदवी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप असा अभ्यासक्रम आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी ही या माणसाची स्वतःची कामं. छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावून तो काम करतो आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत त्याच्या पात्रतेला जागा आहे. सोनोग्राफीच्या खोलीतही त्याला भरपूर काम असतं: रुग्णाची तयारी, नोंदी, प्रोबची स्वच्छता, यंत्राची देखभाल, चित्रं साठवणं. पण प्रोब डॉक्टरच्याच हातात.

तिसरी वाट परदेशाची. अमेरिकेत दोन किंवा चार वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि एआरडीएमएस या संस्थेच्या परीक्षा. त्यांतली एक निव्वळ ध्वनिलहरींचं भौतिकशास्त्र आणि यंत्र यांवर असते. इंग्लंडमध्ये बहुतेक जण आधी रेडिओग्राफर होतात, मग पदव्युत्तर पदविका घेऊन सोनोग्राफीकडे वळतात. म्हणजे विदर्भातून रेडिओग्राफीची चांगली पदवी घेतलेल्या मुलीला ही वाट बंद नाही. तिथली नोंदणी, इंग्रजीची परीक्षा आणि पुन्हा शिक्षणाचा खर्च, एवढं आधी मांडून बघावं.

जिल्ह्याची गरज

यवतमाळ सोळा तालुक्यांचा पसरट जिल्हा. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ, वणीच्या माणसाला चंद्रपूर. झरी-जामणी, मारेगावकडच्या कोलाम पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, तपासणीला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते की २४ आठवड्यांच्या आत प्रत्येक गरोदर बाईची एक तरी सोनोग्राफी व्हावी. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते, ती सुरक्षित मातृत्व अभियानाखाली. विदर्भात सिकलसेलही आहे. या आजारात लहान मुलाची पांथरी अचानक फुगून रक्त अडवून धरू शकते, आणि कोवळ्या वयात पित्ताशयात खडे होतात. दोन्ही गोष्टी सोनोग्राफीत दिसतात.

यंत्र विकत घेता येतं. ते चालवणारा डॉक्टर तालुक्याला मिळत नाही. त्यात नियमाने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नाव नोंदवता येतं. पैसे देणाऱ्याच्या दारात लिंगनिदान करत हिंडणाऱ्यांना आळा बसावा म्हणून २०१२ मध्ये ही मर्यादा आली. तिचा हेतू रास्तच, पण सोळा तालुक्यांत मोजके रेडिओलॉजिस्ट असतील तर दूरच्या तालुक्याच्या वाट्याला काय येणार, हा हिशोब कोणालाही करता येईल.

२०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने आरोग्य क्षेत्रातल्या तंत्रज्ञांना ओळख दिली, आणि त्याच्या अनुसूचीत 'डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर' हे पद लिहिलेलं आहे. म्हणजे एक कायदा या पदाचं नाव घेतो आणि दुसरा प्रोब डॉक्टरशिवाय कोणाला धरू देत नाही. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड यांची तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाने डॉक्टरच्या देखरेखीखाली करावी का, यावर उघड चर्चा व्हायला हवी, असं माझं मत आहे. ती करताना १९८८ चा कायदा का करावा लागला हे विसरून चालणार नाही. जो प्रोब यकृत दाखवतो तो चार बोटं खाली सरकला की गर्भही दाखवतो, आणि डॉक्टरांवरच इतका पहारा ठेवावा लागला तिथे नव्या हातांना मोकळीक द्यायला सरकार कचरणारच. चर्चेचा निकाल लागेपर्यंत मात्र 'सोनोग्राफी टेक्निशियन' म्हणून स्वतंत्र काम मिळेल असं सांगून फी घेणं ही फसवणूक आहे.

म्हणून प्रवेशाच्या टेबलावर तीन प्रश्न विचारावेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडे होणार? इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, तिथे सीटी-एमआरआय आहे का? आणि हा कोर्स करून मला कायद्याने कोणती तपासणी स्वतः करता येईल? तिन्ही उत्तरं लेखी मागावीत. तोंडीच मिळाली तर फी भरू नये.