शिकाऊ वैमानिक आणि फसलेलं लँडिंग

बारामती, गोंदिया, शिरपूर या भागांत शिकाऊ विमानांची घरघर आता कोणाला नवी नाही. एखादं विमान धावपट्टीवरून घसरलं, की टपरीवर चहा येण्याआधी निकाल लागतो: इंजिन बंद पडलं असणार, पोरगं घाबरलं असणार.

गैरसमज: इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली येतं.
सेस्ना 172 इंजिनाविनाही एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. जुलै 2022 मध्ये बारामतीहून एकटीने निघालेल्या शिकाऊ तरुणीचं विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात आदळून मोडलं, पण ती किरकोळ दुखापतीवर बचावली. आणि लँडिंग फसतं तेव्हा बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं.

गैरसमज: वेग थोडा जास्त असलेला बरा.
खरी गोम इथेच आहे. सेस्ना 172 साधारण 65 नॉटने, म्हणजे ताशी 120 किलोमीटरने धावपट्टीकडे येतं. वेग दहा टक्के वाढला, तर जिरवायची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. मग विमान जमिनीलगत तरंगत राहतं, टेकतच नाही. पुढची धावपट्टी संपत चाललेली दिसते आणि शिकणारा अधीर होऊन नाक खाली दाबतो. मागची दोन चाकं दणका सोसायला बनवलेली असतात. पुढचं चाक नाजूक, आणि नेमकं तेच आधी आपटतं. विमान उसळतं, तो पुन्हा दाबतो, मग घाईने ओढतो. हात नेहमी अर्धा क्षण मागे असतो, त्यामुळे उसळी प्रत्येक खेपेला वाढते. तिसऱ्या-चौथ्या आपटीला पुढचं चाक मोडतं आणि प्रोपेलर डांबरावर घासतो. मग इंजिनही उघडून तपासावं लागतं.

गैरसमज: गो-अराउंड म्हणजे हार.
पहिल्याच उसळीला पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर जाणं हाच शहाणपणा. एअरलाइनचे कसलेले वैमानिकही तेच करतात. मात्र हे वाटतं तितकं सोपं नाही. पूर्ण शक्ती देताच नाक वर उठतं आणि विमान डावीकडे ओढतं. नाक आवरायचं, उजवा रडर दाबायचा आणि फ्लॅप टप्प्याटप्प्यानेच मिटायचे. ऐन वेळी हे सुचत नाही, त्याचा सराव आधीच हवा.

गैरसमज: चाकं टेकली की सुटलो.
टेकल्यावरही पंखांत उचल शिल्लक असते. आडवा वारा असेल आणि शिकणाऱ्याने हुश्श म्हणून कंट्रोल सैल सोडले, तर विमान बाजूच्या गवतात जातं.

गैरसमज: लँडिंगचा अपघात म्हणजे जिवावरचं संकट.
अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या अपघातांत लँडिंगचे अपघात संख्येने सर्वाधिक, पण जीवघेणे फार थोडे. जिवावर बेततं ते बरेचदा त्याआधीच्या वळणात. धावपट्टीची रेषा हुकली म्हणून शिकणारा कमी वेगात रडरने विमान वळवू पाहतो, एक पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते, आणि सावरायला उंचीच उरत नाही.

मुलाला प्रवेश घेताना पालक फी विचारतात, विमानं किती ते विचारतात. त्यात आणखी एक प्रश्न घाला: मुलाने स्वतःहून गो-अराउंड केला, तर इथे त्याला ओरडा बसतो की शाबासकी मिळते?