गोदामातली पदवी

दिवाळी अंकाच्या किती प्रती छापायच्या, हा प्रश्न दरवर्षी पावसाळा सरता सरता प्रकाशकाच्या टेबलावर येऊन बसतो. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हाही तो आला असणारच. कमी छापले तर लक्ष्मीपूजनाआधीच अंक संपतो आणि पुन्हा छापून येईपर्यंत तुळशीचं लग्न उरकलेलं असतं. जास्त छापले तर गठ्ठे रद्दीच्या भावात जातात. समजा, एका प्रतीला १२० रुपये खर्च येतो, विक्रेत्याचं कमिशन वजा जाता २०० रुपये हाती पडतात आणि न खपलेल्या प्रतीचे रद्दीत १० रुपये सुटतात. म्हणजे एक प्रत कमी पडली तर ८० रुपयांचा नफा हुकला. एक जास्त झाली तर ११० रुपये बुडाले. या दोहोंची बेरीज १९०. ८० भागिले १९०, उत्तर साधारण ०.४२. सगळी मागणी छापलेल्या प्रतींत भागण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर पोचली, की छपाई थांबवावी. म्हणजे काही वाचक रिकाम्या हातानं परत जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त ठेवायची! हिशेबी प्रकाशक अंदाजापेक्षा हात आखडून छापतो, तो काही भित्रा म्हणून नव्हे.

पाठ्यपुस्तकात हे गणित वृत्तपत्रविक्रेत्याच्या नावानं ओळखलं जातं. पहाटे किती पेपर उचलायचे हे त्याला ठरवावं लागतं, कारण संध्याकाळी त्यांना किंमत नसते. दिवाळीतलं उटणं, आकाशकंदील, मोती साबण या सगळ्यांची हीच गत. लॉजिस्टिक्स शिकायचं म्हणजे ट्रक आणि कंटेनर शिकायचे, अशा समजुतीनं वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का इथेच बसतो. चाकं दिसण्याआधी संभाव्यता समोर येते.

दुसरा धक्का खेळात बसतो. जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत पुरवठा साखळीच्या विद्यार्थ्यांना ‘बिअर गेम’ खेळायला लावतात. बिअरचा थेंबही नसतो. असतात फक्त आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि पेट्यांऐवजी सोंगट्या. चौघांचा संघ असतो: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. आपसात बोलायचं नाही. वरच्याकडे मागणी पाठवायची आणि मिळेल तेवढा माल खालच्याला द्यायचा. मागणी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी दोन आठवडे जातात. शिल्लक पेटीमागे दर आठवड्याला अर्धा डॉलर दंड, पुरी न झालेल्या मागणीला पेटीमागे एक डॉलर. खेळाच्या सुरुवातीला गिऱ्हाईक आठवड्याला ४ पेट्या मागतं. पाचव्या आठवड्यापासून ८ मागू लागतं आणि शेवटपर्यंत ८च मागतं. बदल एवढाच.

पण दुकानदार घाबरून १२ पेट्या मागवतो. माल येत नाही म्हणून पुढच्या खेपेला १६. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं, बाजार उसळला. कारखान्यापर्यंत ही लाट अनेकदा तिसाच्या घरात पोचते. मग काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन थडकतो, गोदामं तुंबतात, मागण्या शून्यावर येतात. एमआयटीचे जॉन स्टरमन यांनी १९८९ साली या खेळाच्या निकालांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात संघांचा सरासरी खर्च होऊ शकणाऱ्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. खेळ संपला, की कारखाना चालवणाऱ्यांना विचारतात: गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, आलेख काढा. ते डोंगर-दऱ्या काढतात. मग फळ्यावर खरी रेघ दाखवली जाते, एकच पायरी असलेली सपाट रेघ. तोवर वर्गात एकमेकांच्या नावानं बोटं मोडून झालेली असतात.

या खेळाचं मूळ जे फॉरेस्टर या विद्युत अभियंत्याकडे जातं. १९५६ साली ते एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले. जनरल इलेक्ट्रिकच्या अधिकाऱ्यांनी त्यांना एक कोडं घातलं: केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन पाळ्या चालतात आणि काही वर्षांनी निम्मे कामगार घरी पाठवावे लागतात, हे का? बाजारातल्या तेजी-मंदीवर बोट ठेवून मोकळं होणं सोपं होतं. फॉरेस्टर कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि आठवड्यामागून आठवडा आकडे मांडत गेले. त्यातून दिसलं, की बाहेरची मागणी स्थिर धरली तरी नोकरभरतीचे आणि साठ्याचे कंपनीचे स्वतःचेच नियम चढउतार घडवतात.

पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला पॅम्पर्सच्या बाबतीत हेच दिसलं. बाळं लंगोट जवळपास एकाच गतीनं ओले करत होती, दुकानांतली विक्रीही फारशी हलत नव्हती, पण वितरकांच्या मागण्या जबर हेलकावे खात होत्या. स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली या हेलकाव्यांची चार कारणं मांडली. ती वाचून मराठी मुलखातला कुठलाही स्टॉकिस्ट मान डोलावेल. गाडी भरेल एवढीच ऑर्डर द्यायची, म्हणून महिनाभर थांबून एकदम मागवायचं. कंपनीनं ‘दहावर एक फुकट’ची स्कीम काढली, की तीन महिन्यांचा माल उचलायचा. टंचाईची कुणकुण लागली, की निम्माच मिळणार हे गृहीत धरून दुप्पट मागायचं. आणि खालून आलेल्या ऑर्डरलाच मागणी समजून त्यावर पुढचा अंदाज बांधायचा. चौघांपैकी कुणीही मूर्खपणा करत नसतो. आपापल्या खुर्चीतून प्रत्येकाचं बरोबरच असतं, आणि खरा पेच तोच आहे.

माहिती कुणापर्यंत, कधी पोचली यावर कंपन्यांचं नशीब कसं फिरतं, याचं वर्गातलं आवडतं उदाहरण न्यू मेक्सिकोतलं आहे. १७ मार्च २०००. आल्बुकर्कीतल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून छोटी आग लागली आणि दहाएक मिनिटांत विझलीही. पण धुरानं चिप बनवण्याच्या खोल्या नासल्या. नोकियानं लगेच माणसं धाडून पर्यायी पुरवठा बांधून घेतला. एरिक्सनमध्ये ती बातमी खालच्या पायरीवरच रेंगाळली. वरिष्ठांना गांभीर्य कळेपर्यंत चिपा उरल्या नव्हत्या. नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरचं. पुढच्याच वर्षी एरिक्सननं आपला मोबाइल व्यवसाय सोनीबरोबर भागीदारीत नेला. एका आगीमुळेच ते घडलं असं म्हणणं घाईचं ठरेल, पण परीक्षेच्या पेपरात ते तसंच लिहिलं जातं.

एवढ्या गुंतागुंतीचा विषय विद्यापीठांत उशिरा आला. माल पोचवणं हे सैन्याचं, रेल्वेचं, मुकादमाचं काम; त्यात शिकण्यासारखं काय, अशी वृत्ती होती. पीटर ड्रकर यांनी १९६२ साली ‘फॉर्च्यून’ मासिकात वितरणाला अर्थव्यवस्थेतला अंधारा खंड म्हटलं. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव तर १९८२ साली कीथ ऑलिव्हर या सल्लागारामुळे चलनात आलं. त्याआधीच माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं जग बदलून टाकलं होतं: २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेटारे घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यानं कुठलीही पदवी घेतलेली नव्हती.

भारतात या विद्येचं जुनं घर मुंबईत आहे. पवईला विहार तलावाकाठी १९६३ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीनं ‘नीटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तीच २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. नाव बदलल्यानं प्रवेशासाठीची झुंबड वाढेल. ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळीचा तिथला जुना कस टिकतो का, हे बघण्यासारखं आहे. या संस्थेचा ‘मंडी’ हा उपक्रम विशेष सांगावा असा. त्यात विद्यार्थी ‘नवनिर्मिती’ या संस्थेची शैक्षणिक खेळणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर विकायला उतरतात. मागणीचा अंदाज चुकला, की उरलेलं ओझं स्वतःच्याच खांद्यावरून परत आणावं लागतं.

नाशिकला सिम्बायोसिसची ऑपरेशन्स व्यवस्थापनाची संस्था आहे. बडोद्यात २०१८ साली रेल्वे आणि वाहतूक शिक्षणासाठी सुरू झालेल्या संस्थेचं २०२२ च्या कायद्यानं गतिशक्ती विश्वविद्यालयात रूपांतर झालं. ते केंद्रीय विद्यापीठ असलं तरी रेल्वे मंत्रालयाच्या छत्राखाली चालतं. स्पेनमधल्या झारागोझानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. २००३ साली तिथे एमआयटीच्या सहकार्यानं लॉजिस्टिक्सचं केंद्र सुरू झालं, ते थेट ‘प्लाझा’ या अवाढव्य गोदाम-वसाहतीशी जोडून.

महाराष्ट्रात अशी वसाहत आपोआप तयार झाली आहे, फक्त तिच्या शेजारी विद्यापीठ नाही. भिवंडीची गोदामं तिथेच का, हा प्रश्न विद्यार्थ्याला दिला तर तो अंतरं, भाडी आणि डिझेलचा दर मांडून बसेल. अंतराचं उत्तर चूक नाही: मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, मुंबई हाताशी, १९८९ साली सुरू झालेलं न्हावाशेवा बंदरही टप्प्यात. पण त्यात जकात नाही. मुंबईच्या नाक्यावर मालावर जकात भरावी लागे. म्हणून माल नाक्याबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याचं साधं शहाणपण. राज्याराज्यांतही तेच. आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय कर चुकवण्याचा कायदेशीर मार्ग म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवत आणि माल ‘शाखा हस्तांतरण’ म्हणून पाठवत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि गोदाम कुठे असावं हे खऱ्या अर्थानं गणिताला विचारायची सोय झाली. भिवंडी तरीही उठली नाही, उलट फुगत गेली. अंतराचं उत्तर मग कामी आलं.

डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलनं २०१० साली केलेली केस स्टडी आता सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यामुळे इथे उल्लेखावरच थांबलेलं बरं. त्यापेक्षा माथाडींकडे पाहावं. पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांवर रोबो आणि उंच रॅक असतात. वाशीच्या बाजारात पाठीवर पोतं असतं आणि त्या पाठीमागे १९६९ चा माथाडी कायदा असतो. माल उतरवायला किती वेळ लागतो, कुणी उतरवायचा, मजुरी कोणत्या मंडळात भरायची, हे कळल्याशिवाय इथल्या गोदामाचं वेळापत्रक बसत नाही.

देशाच्या पातळीवर तर साधा आकडाच हरवला होता. भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के, हे वाक्य वर्षानुवर्षं भाषणांत, अहवालांत आणि प्रवेशाच्या मुलाखतींतही म्हटलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, तेव्हाही तेच कानावर होतं. मग एनसीएईआर या संस्थेनं सरकारसाठी पद्धतशीर मोजदाद केली. २०२१-२२ चा अंदाज निघाला ७.८ ते ८.९ टक्के. रस्ते रातोरात सुधारले नव्हते, मोजण्याची पद्धत सुधारली होती. आणि मोजण्याचं काम अजून सोपं झालेलं नाही. कारखानदार स्वतःच्या ट्रकमधून स्वतःचाच माल नेतो, तो खर्च वाहतुकीत धरायचा की उत्पादनात? बाजार समितीत शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, वराई अशा ओळी असतात. त्यांतली कुठली लॉजिस्टिक्सची आणि कुठली निव्वळ रिवाजाची, हे ठरवायला आधी ती पट्टी वाचता यावी लागते.