टोकियोचं कार्ड, टोकियोबाहेर

जपानी बँकेचं कॅश कार्ड दिसायला चारचौघांसारखंच. फरक होता तो काळ्या पट्टीत. इतर देशांच्या कार्डांवर ही चुंबकीय पट्टी मागच्या बाजूला असते. जपानी कॅश कार्डावर ती पुढच्या बाजूला, आणि तिच्यावरची नोंदही जपानच्या स्वतःच्या मानकाप्रमाणे केलेली. सिंगापूरच्या किंवा ठाण्याच्या एटीएममध्ये ते सरकवलं तर यंत्राच्या लेखी कार्ड कोरं. बँकांनी कॅश आणि क्रेडिट एकाच कार्डावर आणलं, तेव्हा दोन टोकांना दोन बाण छापले: या टोकाने घातलं तर बचत खातं, फिरवून घातलं तर क्रेडिट. देशाबाहेर चालायचं ते हे दुसरं टोक. ते मिळायला बँकेने तुम्हाला उधारीलायक मानलेलं असावं लागे, आणि नव्याने आलेल्या परदेशी माणसाला तसं मानायला बँका सहसा तयार नसत.

ऑगस्ट २००० मध्ये जपानचे पंतप्रधान योशिरो मोरी भारतात आले, बंगळुरूलाही जाऊन आले. त्यानंतर भारतीय संगणक अभियंत्यांसाठी व्हिसाचे नियम सैल झाले. त्या लाटेत पुण्या-मुंबईहून जी मंडळी टोकियोला पोचली, त्यांतली बरीच तोझाई लाइनवरच्या निशी-कासाईत स्थिरावली. तिथल्या निमसरकारी वसाहतींत जामीनदार लागत नसे आणि घरमालकाला परत न मिळणारी 'भेट'ही द्यावी लागत नसे, हे त्याचं साधं कारण. २००४ आणि २००६ मध्ये त्या बाजूला भारतीय शाळा निघाल्या. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक तर एडोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले. या दोन दशकांत वस्ती रुजली, वाणसामानाची दुकानं आली, गणपती बसू लागले. कार्डाचं रडगाणं मात्र थांबलं नाही. त्याचा सूर तेवढा बदलत गेला.

सुरुवातीचा अडसर कायद्याच्या व्याख्येचा होता. जपानच्या परकीय चलन कायद्याप्रमाणे तिथल्या कचेरीत नोकरी करणारा किंवा सहा महिने राहिलेला परदेशी माणूस 'रहिवासी' ठरतो. प्रत्यक्षात अनेक शाखा सहा महिन्यांचाच आकडा पुढे करत. इकडे भारतात परकीय चलनाचा फेमा कायदा १ जून २००० पासून लागू झालेला. नोकरीसाठी देश सोडला की माणूस 'अनिवासी', आणि त्याचं नेहमीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घेणं भाग. म्हणजे पहिलं अर्धं वर्ष आपण इथलेही रहिवासी नाही आणि तिथलेही पुरते नाही. एवढ्यात ऑफिसने कामासाठी हाँगकाँगला पाठवलं तर डॉलरच्या नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक घेऊन निघायचं.

त्या काळात भारतीयांच्या गप्पांत दोन बँकांची नावं हमखास निघत. एक सिटीबँक, कारण तिच्या टोकियोतल्या खात्याचं कार्ड बाहेरच्या एटीएममध्ये चालायचं. दुसरी शिन्सेई. हिची कथा मुंबईकरांना तरी माहीत असायला हवी. १९९८ मध्ये बुडालेली 'लाँग टर्म क्रेडिट बँक' अमेरिकी गुंतवणूकदारांनी घेतली आणि २००० मध्ये ती शिन्सेई या नावाने उभी राहिली. प्रमुख होते याशिरो मासामोतो, आधी सिटीबँकेच्या जपानमधल्या कारभाराचे सूत्रधार. त्यांनी संगणक विभाग धनंजय द्विवेदी यांच्याकडे सोपवला, आणि जपानी बँकांच्या अवाढव्य मेनफ्रेमना फाटा देऊन मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीची फ्लेक्सक्यूब प्रणाली बसवली. निशी-कासाईतून रोज सकाळी तोझाई लाइनने जाणाऱ्यांपैकी काहींची पोटंच असल्या बँकांच्या संगणकांवर चालत होती. बँकेने बत्तीस रंगांची कॅश कार्डं काढली आणि ती परदेशातल्या एटीएममध्ये चालू लागली. ज्यांच्या हातांनी ही यंत्रणा उभी राहिली त्यांच्यासारख्यांनाच तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, याचं मला अजूनही बरं वाटतं.

दोन्ही सोयी फार टिकल्या नाहीत. सिटीबँकेचा जपानमधला सामान्य ग्राहकांचा व्यवसाय नोव्हेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या बँकेकडे गेला. शिन्सेईने बाहेरच्या एटीएमची सेवा पुढे बंद केली, आणि २०२३ पासून तिचं नाव एसबीआय शिन्सेई झालं. त्या एसबीआयचा आपल्या स्टेट बँकेशी काडीचाही संबंध नाही, हे गावाकडच्या नातेवाइकांना समजावता समजावता नाकी नऊ येतात, कारण स्टेट बँकेचीही शाखा टोकियोत आहेच.

गंमत अशी, की पाहुण्यांची सोय रहिवाशांच्या आधी झाली. १९९९ पासून पोस्टाची एटीएम परदेशी कार्डं घेऊ लागली, २००७ पासून सेव्हन-इलेव्हन दुकानांतली यंत्रंही. सोलापूरहून आलेला पाहुणा मध्यरात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून येन काढू शकायचा, आणि त्याला स्टेशनवर घ्यायला आलेल्या यजमानाचं जपानी कार्ड सोलापुरात शून्य किमतीचं.

ज्यांना क्रेडिट कार्ड मिळालं त्यांचीही परीक्षा संपत नसे. जपानात वर्षानुवर्षं कार्डाला सहीच पुरायची, त्यामुळे चार अंकी पिन अनेकांनी अर्ज भरताना ठरवला आणि लगेच विसरून टाकला. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून चिप आणि पिनची सक्ती झाली होती. दुकानातला माणूस एक वेळ सही घेईल. रेल्वे स्टेशनवरच्या तिकिटाच्या यंत्राला सही कुठे करणार? अमेरिकेत पेट्रोल पंपाचं तऱ्हेवाईक दुखणं निराळं. पंप पाच आकडी पिनकोड विचारतो, तो कार्डाच्या पत्त्याशी ताडून बघतो, आणि टोकियोचा पिनकोड सात आकडी. मग आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरा, नंतर बाहेर येऊन पंप धरा. जेसीबी या जपानी कंपनीचं कार्ड असेल तर आणखी एक जिवाला घोर: हवाई आणि ग्वाममध्ये ते मजेत चालतं, कारण तिथे जपानी पर्यटकांचा राबता, पण युरोपातल्या लहान गावात दुकानदार ते उलटंसुलटं करून बघतो. आणि जिथे कार्ड चालतं तिथे यंत्र लाघवीपणे विचारतं, 'येनमध्ये पैसे देणार का?' हो म्हटलं की विनिमयाचा दर त्या दुकानाच्या बँकेच्या मर्जीचा. युरोपीय संघाने २०२० पासून हा जादा आकार ग्राहकाला आधी दाखवण्याची सक्ती केली. तरी अजून लोक 'हो'च दाबतात.

आठवणीत राहणारं वळण चोरांनी आणलं. १५ मे २०१६, रविवार. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टँडर्ड बँकेच्या ग्राहकांची माहिती भरलेली बनावट कार्डं घेऊन टोळ्यांनी पहाटेच्या दोन-तीन तासांत जपानभरच्या दुकानांतल्या एटीएममधून १ अब्ज ४० कोटी येनहून जास्त रक्कम उपसली. पाहुण्यांसाठी उघडलेलंच ते दार. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर त्याच जातीचा घाला पडला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि एकूण फटका ९४ कोटी रुपयांचा. कोथरूडला खातं आणि निशी-कासाईत घर असलेल्यांना त्या आठवड्यात दोन्हीकडचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की नवं कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांपुरतं चालू द्यायचं. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. जपानी बँकांच्या अॅपमध्येही परदेशातला वापर सुरू-बंद करायचा असाच एक खटका आला. विमानतळावर रांगेत उभा राहून तो खटका दाबणारा माणूस आता जगात कुठेही दिसतो.

भारतात सुट्टीवर गेलं की जपानी कार्डाची खरी कसोटी लागायची. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर डिसेंबरच्या सुट्टीला आलेल्यांना एटीएम एका कार्डावर दिवसाला अडीच हजारच देत होतं, आणि परदेशी कार्डावर दर खेपेचा आकार वेगळा लागायचा. इंटरनेटवरून काही घ्यावं तर २००९ पासून भारतीय व्यवहारांना दुसरी ओळख, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, लागू झालेली. परदेशी कार्ड ते देऊ शकत नाही म्हणून अनेक संकेतस्थळं ते घेतच नसत. मग यूपीआय आलं आणि वडापावच्या गाडीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटला. २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी मोबाइल क्रमांकावरून यूपीआय वापरायची मुभा मिळाली, ती आधी दहा देशांना. त्या दहांत जपान नव्हता. बाकी, जपानला मोबाइलवर पैसे द्यायची सवय लावणाऱ्या 'पेपे' अॅपची २०१८ मधली पहिली बांधणी पेटीएमच्या तंत्रावर झाली होती. आपणच बनवलेलं तंत्र तिथे वापरायचं आणि आपल्याच गावात वडापावसाठी भाच्याकडे हात पसरायचा!

पण कार्ड म्हणजे नक्की काय, हे उघडं पडलं ते २०२० मध्ये. ३ एप्रिलपासून जपानने परदेशी नागरिकांना, अगदी तिथल्या रहिवाशांनाही, अनेक देशांतून परत यायला बंदी केली. मेच्या अखेरीस त्या यादीत भारत आला. भारतातली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं तर मार्चपासूनच बंद होती. नोकरीच्या व्हिसावरच्यांना दार उघडायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला. या काळात टोकियोतल्या रिकाम्या घराचं भाडं, वीज, पाणी, मुलांची फी सगळं जपानी खात्यातून आपोआप वजा होत होतं, आणि माणसं साताऱ्यात, नाशकात बसून त्याच खात्याच्या कार्डावर जगत होती.

टोकियोतल्या आमच्या इमारतीतलं एक कुटुंब असंच साताऱ्याला अडकलं होतं. जूनअखेर त्यांच्या क्रेडिट कार्डाची मुदत संपत होती. नवं कार्ड मुदतीआधी छापून तयार होतं, पण जपानात कार्ड येतं ते नोंदणीकृत टपालाने, पाकिटावर ठळक सूचना: दुसऱ्या पत्त्यावर वळवू नये. पोस्टमन आला, घंटी वाजवली, पेटीत चिठ्ठी टाकून गेला. चिठ्ठीचा फोटो शेजाऱ्यांनी साताऱ्याला पाठवला. पाकीट पोस्टात सात दिवस राहणार, दुसऱ्याच्या हाती मिळायला अधिकारपत्र आणि ओळखपत्र पाहिजे, आणि साताऱ्याहून सही केलेला कागद सात दिवसांत टोकियोला पोचवणारं टपाल तेव्हा अस्तित्वात नव्हतं. आठव्या दिवशी पाकीट कार्ड कंपनीकडे परत. कंपनीला फोन करावा तर कार्डामागचा क्रमांक ०१२० ने सुरू होणारा, म्हणजे जपानात फुकट आणि जपानबाहेरून लागतच नाही. परदेशातून करायचा वेगळा क्रमांक सापडला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय अदबीने सांगितलं, की कार्ड फक्त नोंदवलेल्या पत्त्यावरच पाठवता येईल.

त्या बाई नियमाप्रमाणेच बोलत होत्या. यंत्राने कार्ड वाचावं म्हणून पंधरा-वीस वर्षं धडपड झाली. पट्टीच्या जोडीला चिप आली, जगभरची बहुतेक यंत्रं ते वाचू लागली. त्याच काळात कार्डाची दोरी मात्र एका पत्त्याला, एका फोनला आणि रहिवासाच्या एका ओळखपत्राला अधिकाधिक घट्ट बांधली गेली. जुलै २०१२ मध्ये जपानने परदेशी रहिवाशांना नवं रहिवासी कार्ड दिलं, त्याच्या चिपमध्ये राहण्याची मुदत नोंदलेली. ऑगस्ट २०२१ मध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाचा जपानवरचा अहवाल आला, आणि बँकांनी परदेशी खातेदारांच्या मुदतीवर आणखी बारीक डोळा ठेवला. मुदत संपायला आली की पत्र येतं: नव्या रहिवासी कार्डाची प्रत पाठवा, नाहीतर व्यवहारांवर बंधनं येतील. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असला तर मुदत संपल्यावरही दोन महिने राहता येतं, हे कायद्यात आहे. बँकेच्या संगणकाला ते कळेलच असं नाही. माणूस बँकॉकच्या हॉटेलात चेक-आउट करतोय आणि कार्ड नाकारलं जातंय, याचं कारण शिल्लक कमी असणं नव्हे, टोकियोच्या इमिग्रेशन कचेरीत साचलेला अर्जांचा गठ्ठा असू शकतं.

हल्ली निशी-कासाईत नव्याने आलेली मुलं पहिल्याच महिन्यात वाईजचं किंवा सोनी बँकेचं डेबिट कार्ड घेतात आणि आमच्या कहाण्यांना हसतात. परदेशी खर्चावर जपानी क्रेडिट कार्डं जो आकार लावतात तो पूर्वी दीड-दोन टक्के असे, आता बऱ्याच ठिकाणी तीन टक्क्यांच्या पलीकडे गेलाय, हे त्यांना आकड्यासकट पाठ असतं. २०११ मध्ये डॉलर ७५ येनच्या आसपास होता, जुलै २०२४ मध्ये १६१ च्या पुढे गेला. परदेशात कार्ड घासणं म्हणजे काय, हे त्यांच्या वयात आम्हाला कळायचं त्यापेक्षा त्यांना चांगलंच कळतं. त्यांची काळजी निराळी आहे. ओटीपी येतो तो जपानी क्रमांकावर, आणि स्वस्तातलं सिम घेतलेलं असेल तर ते भारतात गेल्यावर मुकं होतं. मार्च २०२५ अखेर जपानी दुकानांत सही करून सुटायची पळवाटही बंद झाली, आता पिन पाहिजेच. विसरला असाल तर फोनवर कुणी सांगत नाही. अर्ज करायचा, मग तो कळवणारं पत्र टपालाने येतं, अर्थातच नोंदवलेल्या पत्त्यावर. दिवाळीला गावी जायचं असेल तर अर्ज दसऱ्याच्या आतच करावा.