मोकळ्या कांगारूंच्या सहवासात

प्राथमिक शाळेतील मुलांना कांगारूची ओळख बहुधा चित्रावरूनच होते. पिशवीत पिल्लू बाळगणारा व उड्या मारीत धावणारा प्राणी, एवढ्यावर पाठ संपतो. तो पाठ सजीव करण्यास ऑस्ट्रेलियातील काही वन्यप्राणी-उद्यानांची माहिती फार उपयोगी पडेल.

ब्रिस्बेन शहरातील लोन पाइन हे उद्यान १९२७ साली, तर ॲडलेडनजीकच्या टेकड्यांतील क्लीलँड हे उद्यान १९६७ साली सुरू झाले. येथे कांगारू पिंजऱ्यात नसतात. विस्तीर्ण कुरणात ते मोकळे हिंडतात व प्रेक्षकही त्याच कुरणातून पायी फिरतात. उद्यानातून मिळणारे खाद्य तळहातावर धरले असता कांगारू जवळ येऊन ते खातात.

असे जवळून पाहिले म्हणजे पुस्तकात न आढळणाऱ्या गोष्टी ध्यानात येतात. सावकाश चरताना कांगारू पुढील पाय व शेपटी जमिनीवर टेकून मागील पाय पुढे घेतो; अर्थात शेपटी त्याचा पाचवा पायच होय. कडक उन्हात तो सावलीत पडून पुढील पाय चाटतो. लाळेचे बाष्पीभवन होऊन तेथील रक्त थंड होते. मडक्यातील पाणी गार का होते, हे जाणणाऱ्या मुलास हे कारण सहज उमगेल. पिल्लू जन्मतः जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे असते व आपल्या बळावर चढून पिशवीत शिरते, हेही मुलांना अवश्य सांगावे.

परंतु या सहवासास काही नियम आहेत. घरचे अन्न देण्यास मनाई असते व ती सकारण आहे. पावासारखे मऊ अन्न दातांच्या फटींत अडकते, हिरड्यांत जंतूंचा शिरकाव होऊन जबडा सुजतो आणि चारा खाता न आल्याने प्राणी दगावतो. प्रौढ नर उंच उभा राहिल्यास त्याच्यासमोर ताठ उभे न राहता वाकून हळूहळू मागे सरावे. न्यू साउथ वेल्समधील मॉरिसेट येथे उद्यान नसून रानटी कांगारू आहेत. तेथे पर्यटक गाजरे व इतर खाऊ देऊ लागले. त्या खाऊस चटावलेल्या कांगारूंनी माणसांना जखमी केल्याच्या घटना २०१८ साली घडल्या. दोष प्राण्यांचा नव्हता. सवय माणसांनीच लावली होती.

आपल्याकडेही घाटात वा देवस्थानी वानरांपुढे खाऊ टाकण्याची चाल आहे. कांगारूचा पाठ शिकविताना शिक्षकांनी या परिचित दृश्याकडे मुलांचे लक्ष वेधावे आणि एकच प्रश्न विचारावा : हा घास प्राण्याच्या हिताचा, की देणाऱ्याच्या हौसेचा? उत्तर मुलांनीच शोधावे.