कोपीवरची लेकरं

गळीत हंगाम लागला की फडात कोयत्याची जोडी येते. तिच्याबरोबर कोपीवर लहान लेकरंही येतात, त्यांची नोंद स्लिपवर नसते.

ऊसतोड मजुरांच्याच मुलखात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्या निरक्षर बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले व त्याच घरोघर सांगू लागल्या. बाईचं बाईला पटतं!

सांगायचं ते अवघड नाही. पहिला चीक फेकू नये. सहा महिने अंगावरचंच दूध. घुटी नको, पाणीही नको. पुढे दुधाच्या जोडीला घट्ट वरणभात, कुस्करलेली भाकरी, वर तेलाची धार. डाळीच्या नुसत्या पाण्यानं पोट फुगतं, अंगी लागत नाही. आणि ‘बाळ मोठं होईल’ म्हणून पोटुशीनं कमी जेवायचं, हे तर आपल्या बागायती घरांतही चालतं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. मापाची पट्टी अंगणवाडीताईकडे असते. टोळी उतरली की मुकादमाला जोड्या किती ते आपण विचारतोच. लेकरं किती, गरोदर बाया किती, तेही विचारून ताईंना त्याच दिवशी निरोप द्यावा.